रुमालाखाली

महापेला, भर मे महिन्यात,
मी स्वेटर घालून बसते.
बाहेर डांबर पाघळतंय, आत वीस अंश,
तेही माणसांसाठी नाही, यंत्रांसाठी.
रात्रपाळीला मी, नफीसा,
आणि रॅकवरचे हिरवे दिवे.

"नेमकं काय करतेस गं तिथं?"
आबांनी विचारलं होतं एकदा.
म्हटलं, निरोप पोचवते.
"पोस्टात आहेस म्हण की."
नाही हो आबा. एका निरोपाचे हजार तुकडे,
प्रत्येकावर पत्ता, प्रत्येकावर नंबर,
आणि द्यायचे सोडून.
एक ऐरोलीवरून जाईल, एक समुद्राच्या तळातून.
मागाहून सुटलेला आधी पोचेल.
पलीकडचा नंबरवार लावून घेतो,
म्हणतो, सोळापर्यंत आले.
पुन्हा म्हणतो, सोळापर्यंत आले.
मग आपण ओळखायचं, सतरावा हरवला.
पुन्हा पाठवायचा.

"आणि मधल्या मधे कुणी वाचलं तर?"

आबांची हयात फळबाजारात गेली, वाशीला,
वालचंदशेठच्या गाळ्यावर.
कपड्यांत पेंढा, खिशात पेंढा,
जेवणाच्या डब्यातसुद्धा एखादी काडी.
तिथे भाव बोलत नाहीत, रुमालाखाली धरतात.
दोन हात, वर रुमाल, भोवती पंधरा जणांचं कोंडाळं.
सगळ्यांना दिसतं: कोण, कोणाशी, किती वेळ.
बोटं काय बोलली, ते नाही.
चार बोटं म्हणजे चारशे की चार हजार
हे ज्यानं पेटी उघडून पाहिली त्यालाच ठाऊक.

तसाच रुमाल आम्हीही टाकतो, आबा.
फक्त आमच्याकडे हात अनोळखी असतो.
त्याला आधी कागद मागायचा.
कागदावर तिसऱ्याची सही,
तिसऱ्याच्या कागदावर चौथ्याची,
चौथ्यावर विश्वास ठेवायचाच, असं ठरलेलं.
आणि कागदाला मुदत असते.
दिवाळीत एका पतपेढीची संपली,
बारा वाजून एका सेकंदाला,
आणि सकाळी सगळे ग्राहक दाराबाहेर.

आबा हसले. "वालचंदशेठचा हात
मी झोपेत ओळखीन. करंगळी वाकडी आहे."

फेब्रुवारीत त्यांची उजवी बाजू गेली.
बोलणंही गेलं.

हाक मारायची, एक सेकंद थांबायचं.
उत्तर नाही, तर पुन्हा हाक, आणि दोन सेकंद.
मग चार. मग आठ.
दर वेळी दुप्पट थांबायचं,
कारण वाट तुंबलेली असू शकते,
ओरडून ती आणखी तुंबते.
हे मी परीक्षेत लिहिलंय, पूर्ण गुण मिळालेत.
कितव्या हाकेनंतर नाद सोडायचा
तोही आकडा मला पाठ आहे.
तो मी वापरला नाही.

परवा पाळी संपवून कोपरखैरण्याला आले,
चपला न काढताच त्यांच्याजवळ बसले.
चादरीखाली त्यांच्या डाव्या हातानं
माझी दोन बोटं धरली.
वाटलं, कंप असेल.
सोडली. पुन्हा तीच दोन.
मग मी त्यांची दोन धरली,
पोचलं, असं.
त्यांनी एकदाच दाबलं,
तुझंही पोचलं, असं.
आणि तिथून, माझ्या शपथेवर सांगते,
आबा भाव करायला लागले.

मी एक आकडा धरला, त्यांनी मान हलवली,
जेवढी हलते तेवढी.
त्यांनी एक धरला, मी हात मागे ओढला,
बाजारात ओढतात तसा, रागावल्याचं सोंग घेऊन.
अर्धा चेहरा हसला.
पेटी कुठली, माल काय, मला माहीत नव्हतं.
हळूहळू कळायला लागलं.

आई चहा घेऊन दारात थांबली.
तिला चादर दिसली, चादरीखालची हालचाल दिसली,
कोण, कोणाशी, किती वेळ, सगळं.
"काय चाललंय दोघांचं?"

आकडा सांगणार नाही.
भाव अजून पटलेला नाही.
उद्या पाळी संपली की पुन्हा बसणार आहोत.